कितीपैकी गुरुजी

चार मुलं परीक्षेला बसवली, चारही पास झाली, आणि मी आमच्या शाळेच्या फाटकावर तीन हात लांबीचा पत्र्याचा फलक लावला: 'चौथी शिष्यवृत्ती परीक्षा. निकाल शंभर टक्के.' ही माझी चूक. पुढे बऱ्याच केल्या, पण भर रस्त्यात टांगलेली ही एकच.

फलक लावून मी रस्त्यापलीकडे गेलो, मान वाकडी करून पाहिलं, परत येऊन एक खिळा वर सरकवला. पुन्हा पलीकडे गेलो तर माझ्या जागी एक काळी छत्री उभी होती. पावसाचा पत्ता नव्हता. छत्रीखाली धोतर, मळखाऊ कोट आणि कानावर पेन्सिल. छत्रीतल्या माणसाने फलक दोनदा वाचला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं,

"कितीपैकी?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला टक्केवारी कळत नसावी. मी नुकता डी.एड. होऊन जव्हारला लागलो होतो. समजावून सांगण्याची खाज होतीच.

"बाबा, शंभर टक्के म्हणजे शंभरातले शंभर."

"ते हाय. पण कितीपैकी?"

"चारपैकी चार."

"आणि वर्गात किती?"

"अडतीस."

"म्हंजे चौतीस घरी ठेवले." हे त्यांनी 'म्हणजे गाडी गेली तर' असं म्हणावं तशा सुरात म्हटलं. राग नाही, टोमणा नाही. मग छत्री मिटून त्यांनी मला नमस्कार केला. "मी भोये. पोशेऱ्याच्या पुढं एक पाडा हाय, तिथल्या झेडपीच्या शाळेचा मास्तर."

ज्या माणसाला मी शंभरातले शंभर समजावत होतो तो सव्वीस वर्षं पोरांना टक्केवारी शिकवत होता.

फलक ज्यांच्याकडून करून घेतला त्या कासमभाईंकडे मी तसाच गेलो. कासमभाईंचं बाजारात पत्र्याच्या कामाचं दुकान. ट्रंका, चाळण्या, नरसाळी आणि गावातल्या सगळ्यांच्या भानगडी, चारही वस्तू तिथे तयार मिळत. छत्रीचं वर्णन ऐकून त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"कितीपैकी गुरुजी भेटला म्हणायचा! मास्तर, तुमचा फलक गेला. आता तुम्ही तो वाचाल ना, तर शंभर टक्के दिसणारच नाही. चौतीस दिसतील."

तसंच झालं.

गुरुजी दर बाजाराच्या दिवशी पाड्यावरून जव्हारला यायचे. अर्धी वाट पायी, अर्धी एस्टीने. बाजारात त्यांची एक ठरलेली फेरी असे आणि तिच्यात भेटेल त्याला तो ठरलेला प्रश्न. आंबेवाली म्हणाली, "घ्या गुरुजी, साखर हायेत," की, "कितीपैकी?" सायकलवाला म्हणाला, "पंक्चर काढलेली ट्यूब परत येत नाय आपल्याकडं," की, "कितीपैकी?" दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकदा सांगितलं की या सुईने ताप उतरतोच. गुरुजींनी बाही खाली केली आणि आधी आकडा मागितला. कंपाउंडरने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, दहापैकी नऊ." गुरुजींनी खूश होऊन बाही वर केली. त्यांना खात्री नको असायची, हिशेब खरा हवा असायचा.

पाड्यावरच्या भगतालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "माझ्या अंगाऱ्याने समदी बरी होतात," असं भगत म्हणाला तेव्हा गुरुजींनी विचारलं, "समदी म्हंजे कितीपैकी समदी?" भगताने बराच विचार केला आणि म्हणाला, "जी बरी झाली, त्यांच्यापैकी." ही गोष्ट सांगताना गुरुजी माझ्याकडे बघायचे आणि हसायचे नाहीत. मला मात्र दर वेळी आमचा फलक आठवायचा.

स्वतःलाही सूट नव्हती. तब्येत विचारली की उत्तर, "बत्तिसापैकी एकोणीस. पण कामाला येणारे धरले तर अकरा." मग तोंड उघडून दाखवायचे.

या सगळ्यात एक सवय मला अगदीच बिनकामाची वाटायची. संध्याकाळची ठाण्याहून येणारी गाडी स्टँडवर लागली की गुरुजी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभे राहायचे आणि उतरणारी माणसं मोजायचे. शेवटचा उतरला, कंडक्टरने दार ओढलं, की परत येऊन सांगायचे, "एकेचाळीस." कधी "सत्तावीस." कशापैकी ते सांगत नसत. मी एकदा थट्टेने विचारलं, "गुरुजी, एस्टी महामंडळात नोकरी धरलीत का?" ते म्हणाले, "मोजलेलं बरं." कासमभाई त्या वेळी एका ट्रंकेला कान लावून बिजागरी तपासत होते. ते काही बोलले नाहीत. कासमभाई गप्प बसले ही नोंद घेण्यासारखी गोष्ट होती, पण मी तेव्हा नोंदी घेत नव्हतो, फलक लावत होतो.

दिवाळीच्या आसपास आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. स्नेहसंमेलनात लावायला एक तक्ता हवा होता: खासगी शाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, शिष्यवृत्तीच्या निकालाची तुलना. "परीक्षा एक, पेपर एक, दिवस एक. तुलना करायला हरकत काय?" अध्यक्ष म्हणाले. मलाही हरकत दिसली नाही. आमचे शंभर टक्के मी लाल शाईने लिहिले. भोये गुरुजींच्या शाळेचे बावीस फॉर्म, दोन पास, म्हणजे नऊ टक्के. ते निळ्या शाईने, जरा बारीक अक्षरात.

तक्ता बगलेत मारून मी कासमभाईंच्या दुकानासमोरून चाललो होतो. बाजाराचा दिवस आहे हे विसरलो, ही त्यातल्या त्यात लहान चूक. गुरुजी तिथेच बसले होते. त्यांनी तक्ता उलगडला, वाचला, आणि कानावरची पेन्सिल काढली. मग ती परत ठेवून कासमभाईंकडे खडू मागितला आणि समोरच्या कोऱ्या पत्र्यावर मांडणी सुरू केली.

"मास्तर, तुमच्या चौथीत पोरं किती?"

"अडतीस."

"पास?"

"चार."

"माझ्या चौथीत बावीस. पास दोन." खडू करकरला. कासमभाईंनी कानांवर हात ठेवले. "तुमचे आले साडेदहा. माझे नऊ. फरक दीड टक्का."

"पण गुरुजी, आमची चारच बसली होती."

"माझ्याकडची पण चारच बसली. बाकीची तेव्हा वीटभट्टीवर होती. पण मी त्यांचे फॉर्म भरले होते. पटावर हाय तो माझ्या शाळेतला."

"पण जी येणारच नाहीत त्यांचे फॉर्म भरायचे कशाला? निकाल पडतो."

एखाद्या हुशार मुलाने सोपं गणित चुकवल्यावर बघावं तसं गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "निकाल पडतो तो माझा. नाव काढलं तर पोर पडतं."

कासमभाईंनी मधे तोंड घातलं. "मास्तर, म्हणजे दीड टक्क्यासाठी तुम्ही माझ्याकडून तीन हात पत्रा घेतलात?" आणि ज्या पत्र्यावर ही तुलना मांडली होती, त्याचं त्यांनी दुसऱ्या दिवशी नरसाळं केलं. जव्हारमध्ये कुणाच्या तरी घरी अजून त्यातून रॉकेल ओतत असतील.

मी तक्ता बदलला का? नाही. अध्यक्षांना दाखवायचं धैर्य झालं नाही. संमेलनात तो लागला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत एक विस्तार अधिकारी होते. त्यांनी निळ्या शाईचे नऊ टक्के वाचले. आठवडाभरात ते पाड्यावर गेले आणि गुरुजींना तोंडी सांगून आले: यंदा या शाळेतली निदान पाच मुलं प्रत्यक्ष केंद्रावर येऊन पेपर देताना दिसली नाहीत, तर इथली चौथी बंद. मुलांनी नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जावं.

नदीपलीकडची शाळा म्हणजे दीड तासाची चाल. पाड्यावरून कोणी जाणार नव्हतं. चौथी बंद म्हणजे तिसरीनंतर सरळ वीटभट्टी.

हे मला कासमभाईंनी सांगितलं. "तुमच्या निळ्या शाईने झालं हे," असंही सांगितलं. मी दोन बाजार चुकवले. तिसऱ्या वेळी गुरुजीच शाळेत येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "मास्तर, बावीस फॉर्म भरले. तपासून द्या, तुमचं अक्षर चांगलं हाय."

दिवाळीनंतर पाडा रिकामा झाला. माणसं भिवंडीकडे, वसईकडे भट्ट्यांवर गेली, होळीला परतायची. परीक्षा होळीच्या आधी. पाड्यावर उरली चौथीची चार मुलं. अधिकाऱ्यांना हवी होती पाच.

गुरुजींनी ट्रकवाल्यांना निरोप दिले, कंडक्टरना दिले, भट्टीवर मीठमिरची विकणाऱ्या एका फेरीवाल्यालाही दिला. निरोप एकच: 'पेपर रविवारी, मोखाड्याला, अकरा वाजता.' मी विचारलं, "किती येतील?" त्यांनी पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही.

आणि मोखाड्याच्या त्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली कुणाची? माझी. ज्याला आपल्या खोलीची किल्ली सापडत नाही, त्याच्या हाती सरकारने लाखेची कांडी दिली.

खोलीत पाड्याच्या शाळेचे बावीस नंबर खडूने टाकलेले. चार मुलं येऊन बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. अठरा बाकं रिकामी. नियम असा की प्रत्येक नंबरावर प्रश्नपत्रिका ठेवायची, अर्धा तास वाट बघायची, आणि मग गैरहजरांच्या प्रश्नपत्रिका पाकिटात घालून, केंद्रसंचालकांसमोर लाखेने सील करायचं. रिकाम्या बाकांवरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून गुरुजींनी सकाळीच नदीतले अठरा गोटे आणून ठेवले होते. प्रत्येक बाकावर एक गोटा. ते काम करून ते बाहेर फाट्यावर छत्री उघडून उभे होते.

मी खिडकीतून बघत होतो. दहा मिनिटं झाली. रस्ता रिकामा. समोरच्या हॉटेलात कांदाभजीचा पहिला घाणा निघाला. वास थेट खोलीत आला. मी मनाशी म्हटलं, अठरापैकी कोण येणार आहे आता? आणि अर्ध्या तासाचा नियम तर शहरातल्या मुलांसाठी असणार. मी गोटे उचलले, प्रश्नपत्रिका गोळा केल्या, पाकिटात घातल्या, मेणबत्ती लावली आणि लाख ओतली. संचालकांना दाखवायचं राहिलं, पण ते चहाला गेले होते आणि मलाही तिकडेच जायचं होतं. लाखेचा एक थेंब बोटावर पडला. ती मला तिथल्या तिथे मिळालेली शिक्षा होती, पण मी इशारा घेतला नाही.

दुसरं भजं तोंडात असताना आरडाओरडा ऐकू आला.

फाट्यावरून गुरुजी पळत येत होते. छत्री उघडीच, वाऱ्याने उलटी झालेली. त्यांच्या पुढे एक मुलगी धावत होती, केसांपासून पायांपर्यंत विटांच्या तांबड्या धुळीने माखलेली, आणि मागे तिची आई, कडेवर आणखी एक लेकरू. येशी काळू वाघ. भिवंडीकडच्या भट्टीवरून विटांच्या ट्रकने निघाली, ट्रक घाटात बंद पडला, तिथून मायलेकी चालत आल्या.

मी धावत परत येऊन खोलीच्या दारात आडवा झालो. तोंड भजीने भरलेलं. "सील झालं," एवढंच म्हणालो.

गुरुजींनी कोटाच्या खिशातून सुतळी बांधलेलं घड्याळ काढलं. धाप लागली होती, तरी आवाज मऊच. "तीसपैकी सव्वीस मिनिटं झाली, मास्तर. चार राहिली."

माझ्या डोळ्यांसमोर चौकशी आली, खुलासा आला, अध्यक्ष आले. मी म्हणालो, "सील फोडलं तर माझ्यावर येईल, गुरुजी."

त्यांनी विचारलं नाही की सील लवकर केलंच का. भजी विकणाऱ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या बोटाकडे एकदा पाहिलं, एवढंच. मग त्या माणसाने, माझ्या वडिलांच्या वयाच्या, माझ्यापुढे हात जोडले.

"बाविसापैकी पाचवी आली, मास्तर. फोडा."

तीन मिनिटं राहिली होती. येशीची आई कडेवरचं पोर सावरत म्हणाली, "ह्यो मास्तर काय करतो हितं? घड्याळ बघायला ठेवलाय ना ह्याला?"

मी सील फोडलं. यात मोठेपणा होता असं कुणी समजू नये. तोवर केंद्रसंचालक चहा पिऊन माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी कागद पुढे केला आणि मी लिहिलं: 'पर्यवेक्षकाने पाकीट मुदतीपूर्वी बंद केले. चूक पर्यवेक्षकाची.' येशी तांबड्या हातांनी पेन्सिल धरून बसली. तिने पहिल्या पानावर बोटं टेकली तिथे पाच ठसे उमटले. पाच मुलं पेपर देताना दिसली पाहिजेत अशी अट होती. अधिकारी साडेबाराला जीपमधून आले, त्यांनी मोजली, पाच दिसली, गेले.

पाड्याची चौथी राहिली. मला संस्थेकडून ठपक्याचं पत्र मिळालं. येशी पुढे नापास झाली, हेही सांगून टाकतो. पाचापैकी दोन पास झाले. म्हणजे बाविसापैकी दोन. म्हणजे पुन्हा नऊ टक्के.

परीक्षेच्या गडबडीत गुरुजी छत्री केंद्रावर विसरले होते. दोन काड्या मोडल्या होत्या, त्या मी कासमभाईंकडून पत्र्याची पट्टी मारून नीट करून घेतल्या. कासमभाई काम करता करता म्हणाले, "हिला सांभाळून न्या. गुरुजीचा पोरगा स्कॉलरशिप पास झाला तेव्हा घेतली होती गुरुजीने. पाड्यावरून पास झालेला पहिला पोरगा तो. पुढे ठाण्याला वसतिगृहात शिकला, आता मुंबईला हाफिसात आहे."

"येतो का?"

कासमभाईंनी पट्टीवर एक जादा ठोका मारला. "बापाने सांगितलंय त्याला, येशील तेव्हा संध्याकाळच्या गाडीने ये म्हणून."

मी छत्री घेऊन पाड्यावर गेलो. होळी अजून लांब होती. घरांना बाहेरून काटक्या लावलेल्या, अंगणात कोंबडीही नाही. शाळेच्या कुडाच्या भिंतीआडून गुरुजींचा आवाज येत होता. हजेरी चालली होती. मी बाहेरच थांबलो.

"रामा लक्ष्मण."

"भिवंडीला, गुरुजी," एक चिमुरडा आवाज.

"सोनू धाकल."

"वसईला. रेतीवर."

"येशी काळू."

"हाय!" तिची आई परत भट्टीवर गेली होती, हिला मामाकडे ठेवून.

प्रत्येक नावानंतर गुरुजी थांबत. 'हजर' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुरता वेळ. मग मुलं ठावठिकाणा सांगत आणि पुढचं नाव. मला आता मोजायची सवय लागली होती. बावीस झाली. पट संपायला हवा होता.

"देवराम भोये."

मग चौघा-पाच जणांनी एकदम, रोजचं पाठ म्हणावं तसं सांगितलं, "मुंबईला, गुरुजी."

"मुंबईला," गुरुजी म्हणाले, आणि हजेरीपट मिटला.

मी दारात गेलो. त्यांनी छत्री पाहिली, उघडली, काड्या मोजल्या. "आठापैकी आठ," म्हणाले आणि खूश झाले.

मी विचारू नये ते विचारलं. "गुरुजी, आज तेवीस नावं घेतलीत."

"ते जुन्या पटावरचं हाय." त्यांनी हजेरीपट कोटाखाली सरकवला. "कमी करायचं राहून गेलं."

मला एकदम ती संध्याकाळची गाडी आठवली. एकेचाळीस. सत्तावीस. अशा वेळी मी हटकून काहीतरी बोलतोच. म्हणालो, "गुरुजी, मग माझंही नाव घाला की पटावर. चोविसावं."

गुरुजी काही म्हणण्याआधी येशी उभी राहिली. तिने माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चौथीत नको, गुरुजी. यांना घड्याळ येत नाय. पहिलीत बसवा."